राफेल-मरीन येताहेत, पण सुट्या भागांचं काय?

वैतरणा (पालघर) : जुम्म्याच्या नमाजनंतर बोईसरच्या एका टपरीवर चहा घेत होतो. एका तरुणाने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज होता. नौदलासाठी फ्रान्सकडून २६ विमानं, किंमत ६३ हजार कोटी, म्हणजे एका विमानाला जवळपास २,४०० कोटी. खाली नेहमीप्रमाणे दोन गट. एक म्हणतो, लुटलं. दुसरा म्हणतो, आता शत्रूची खैर नाही. बाजूला बसलेले चाचा तारापूर एमआयडीसीत तीस-पस्तीस वर्षं लेथवर राबलेले. त्यांनी चष्मा वर करून मेसेज वाचला आणि एवढंच विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण खराब झालं तर पार्ट कुठून आणणार?"

आम्हाला वाटतं, या सगळ्या चर्चेतला खरा प्रश्न हाच आहे. टीव्हीवरच्या तासाभराच्या वादात तो कुणी विचारत नाही.

आधी त्या मेसेजचा भागाकार दुरुस्त करू. भारत आणि फ्रान्स यांच्यात हा करार २८ एप्रिल २०२५ रोजी झाला. त्यात २२ विमानं एका आसनाची आणि ४ दोन आसनांची आहेत. रक्कम साधारण ६३ हजार कोटींच्या घरात आहे, पण त्या पैशात फक्त विमानं येत नाहीत. शस्त्रं आहेत, सिम्युलेटर आहेत, वैमानिक आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण आहे, हवाई दलाच्या जुन्या राफेलसाठी काही सामान आहे, आणि देखभालीचा करारही आहे. त्यामुळे सरळ २६ ने भागून 'एका विमानाची किंमत' काढणं म्हणजे लग्नाच्या एकूण खर्चाला ताटांच्या संख्येने भागून जेवणाचा भाव काढण्यासारखं आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ती चार दोन-आसनी विमानं जहाजावर उतरणारी नाहीत, ती जमिनीवरून प्रशिक्षणासाठी वापरायची आहेत. जहाजावर जाणारी विमानं २२.

आणि त्या २२ पैकी एखाद्या सकाळी उडायला तयार किती असतील, हे ठरवणार सुटे भाग.

डेकवर उतरणं म्हणजे काय

आयएनएस विक्रांत ही आपली देशात बांधलेली विमानवाहू युद्धनौका. कोचीन शिपयार्डमध्ये बांधली, २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिची लांबी २६२ मीटर. वैतरणा स्टेशनवर उभं राहून बारा डब्यांची डहाणू लोकल पाहिली असेल, तर जहाज साधारण तेवढंच लांब. त्यातलाही एक तुकडाच उतरायला मिळतो. विमान ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने येतं आणि अडीच सेकंदांत थांबतं. ब्रेकने नाही. विमानाच्या शेपटीखाली एक हुक असतो, तो डेकवर ताणलेल्या जाड पोलादी तारेत अडकतो आणि तार विमानाला मागे खेचून धरते. म्हणूनच वैमानिक विमान हळुवार टेकवत नाही. हुक तारेत बसायलाच हवा, म्हणून तो ते डेकवर जवळपास आपटतो. तार हुकली तर पुन्हा उडता यावं म्हणून इंजिन त्या क्षणी पूर्ण ताकदीवर असतं.

आता विचार करा. हजारो किलोचं यंत्र दर वेळी असं आपटलं जातं. चाकं, टायर, लँडिंग गिअरचे शॉकअब्सॉर्बर, हुक, सांध्याचे बोल्ट, तारांची जोडणी, आतले इलेक्ट्रॉनिक डबे, सगळ्यांना तो धक्का बसतो. वाड्याच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या एसटीची जी गत, तीच. फक्त इथे खड्डा एकच आणि तो रोजचा.

दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. सातपाटी, चिंचणी, डहाणूच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. घराची खिडकी, दुचाकीचा सायलेन्सर, पत्र्याचा खिळा, दोन पावसाळ्यांत लोखंड खाऊन टाकतो हा वारा. वैतरणा खाडीवरच्या रेल्वे पुलाच्या गर्डरांना सतत रंग आणि निगा का लागते, ते रोज लोकलमधून जाणाऱ्याला दिसतं. विमान तर या हवेत महिनोन्महिने उघड्या डेकवर उभं. म्हणून जमिनीवरच्या लढाऊ विमानापेक्षा जहाजावरच्या विमानाला सुटे भाग जास्त लागतात, लवकर लागतात, आणि ते लागतात तेव्हा जहाज किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर असतं. तिथे जवळ स्पेअरचं दुकान नसतं.

मिग-२९के : आपला स्वतःचा अनुभव

राफेलच्या आधीचं पान उलटून पाहायला हवं. नौदलाने रशियाकडून ४५ मिग-२९के विमानं घेतली. १६ विमानांचा करार जानेवारी २००४ मध्ये झाला, २९ चा मार्च २०१० मध्ये. फेब्रुवारी २०१० मध्ये ती सेवेत आली. आज विक्रमादित्य आणि विक्रांत, दोन्ही नौकांवर हीच विमानं उडतात. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा हा त्यांचा तळ.

जुलै २०१६ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. सरकारी हिशेबनीस सहसा कोरड्या भाषेत लिहितात, पण आकडे बोलतात. एका आसनाच्या मिग-२९के विमानांची 'सर्व्हिसेबिलिटी', म्हणजे मागितलं तेव्हा उडायला तयार असण्याचं प्रमाण, १५.९३ टक्के ते ३७.६३ टक्के या दरम्यान होतं. दोन आसनांच्या विमानांचं २१.३० ते ४७.१४ टक्के. सोप्या भाषेत सांगायचं तर दहा विमानं विकत घेतली, त्यातली चांगल्या दिवशी चार उडाली, वाईट दिवशी दीड. आपल्या गल्लीतला रिक्षावाला असा हिशेब एक महिना सहन करणार नाही.

कारणं काय दिली? विमानाचा सांगाडा, आरडी-३३एमके इंजिन आणि उड्डाण नियंत्रणाची 'फ्लाय-बाय-वायर' यंत्रणा, तिन्हीत दोष. ४० इंजिनं, म्हणजे ६२ टक्के, डिझाइनमधल्या दोषांमुळे सेवेतून काढावी किंवा नाकारावी लागली. डेकवर उतरल्यानंतर होणारे बिघाड कंपनीने अनेक सुधारणा करूनही थांबले नव्हते, आणि त्याचा परिणाम पुढच्या सुट्या भागांच्या खपावर होणार, असंही कॅगने नोंदवलं. दोष ठाऊक असताना विमानं स्वीकारली गेली, हा शेराही त्यात आहे.

यानंतरची वर्षं सोपी गेली नाहीत. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळात गोव्याजवळ आणि अरबी समुद्रात चार मिग-२९के कोसळली. प्रत्येक अपघाताचं कारण सुटा भाग नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. वेर्ण्याला २०१९ मध्ये पडलेल्या विमानाला पक्षी धडकले होते. पण नोव्हेंबर २०२० च्या अपघातात कमांडर निशांत सिंह यांचा जीव गेला, आणि अशा वेळी आकड्यांच्या मागे एक घर असतं हे लक्षात येतं.

मग २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. रशियाचे कारखाने स्वतःच्या सैन्यासाठी राबू लागले. पाश्चात्य निर्बंधांमुळे पैसे पाठवणंही अवघड झालं. सोव्हिएत काळात जोडलेला उद्योग दोन देशांत वाटला गेला होता, आणि आता ते दोघे एकमेकांशी लढत होते. मार्च २०२३ मध्ये भारतीय हवाई दलाने संसदेच्या समितीसमोर सांगितलं की युद्धामुळे रशियाकडून ठरलेला एक मोठा पुरवठा यंदा होणार नाही. दोन लोकांचं भांडण आणि तिसऱ्याच्या घरचा दिवा बंद, अशी ही गोष्ट.

सी हॅरियर आणि 'खोलून लावा'

मिगच्या आधी होती ब्रिटिश सी हॅरियर. १९८३ मध्ये पहिली विमानं गोव्यात आली. ती जागच्या जागी सरळ वर-खाली होऊ शकत. चांगली तीन दशकं त्यांनी विराटवर सेवा केली. पण ब्रिटनने स्वतःची सी हॅरियर २००६ मध्ये बंद केली. विमान बनवणारा देशच ते वापरेनासा झाला की कारखान्याची लाइन बंद होते, साचे मोडीत जातात, ज्याला ते काम येत होतं तो कारागीर निवृत्त होतो. त्या वेळी ब्रिटनची निवृत्त सी हॅरियर सुट्या भागांसाठी घ्यावीत, असा विचार भारतात झाला होता. पण रडार आणि काही संवेदनशील यंत्रणा काढून घेऊनच ती मिळणार होती. व्यवहार झाला नाही. शेवटी मे २०१६ मध्ये सी हॅरियरला निरोप दिला गेला.

अमेरिकेने मात्र संधी सोडली नाही. ब्रिटनने २०१०-११ मध्ये हॅरियरचा उरलेला ताफाही मोडीत काढला, तेव्हा अमेरिकेच्या मरीन कोअरने सत्तरच्या वर विमानं इंजिनं आणि सुट्या भागांसकट उचलली. उडवायला नव्हे, स्वतःच्या हॅरियरना पार्ट पुरवायला. कुर्ल्याच्या गॅरेजवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. एक गाडी आणायची, खोलायची आणि चार गाड्या चालू ठेवायच्या.

खुद्द आपली जुनी विक्रांत, १९७१ च्या युद्धात जिच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, ती २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. तिच्या लोखंडातून पुढे एक मोटारसायकल बाजारात आली, हे सगळ्यांना आठवत असेल. भंगार आणि जुन्या पार्टचा हा धंदा आपल्या समाजातल्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे! लोक त्याकडे नाक मुरडून पाहतात. पण जगातली मोठमोठी हवाई दलं अडचणीच्या काळात याच विद्येवर जगली आहेत. त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण इराणचं.

एफ-१४ : चाळीस वर्षांची ओढाताण

एफ-१४ टॉमकॅट हे अमेरिकन नौदलाचं विमान. खास विमानवाहू जहाजासाठी घडवलेलं, पंख मागे-पुढे हलणारं, 'टॉप गन' सिनेमातलं. अमेरिकेबाहेर ते फक्त एकाच देशाला विकलं गेलं. १९७४ मध्ये शहाच्या इराणने ८० विमानांची ऑर्डर दिली. इराणकडे विमानवाहू जहाज नव्हतं, त्याला ती जमिनीवरूनच उडवायची होती. ७९ पोहोचली. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन दूतावासाचं ओलिस प्रकरण घडलं आणि सुट्या भागांचा नळ बंद झाला. वर्षभरात, सप्टेंबर १९८० मध्ये, सद्दामच्या इराकने हल्ला केला.

म्हणजे जगातलं त्या काळातलं सर्वांत गुंतागुंतीचं विमान हाताशी, आठ वर्षांचं युद्ध दारात, आणि टायरपासून रडारच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळं ज्याच्याकडून यायचं तोच शत्रू. अनेकांचा अंदाज होता की ही विमानं काही महिन्यांत जमिनीला टेकतील. तसं झालं नाही. इराणी तंत्रज्ञांनी काही विमानं खोलून बाकीची चालू ठेवली. काही भाग उलट्या बाजूने मोजमाप घेऊन देशात बनवले. काही बाहेरच्या बाजारातून, कागदावर भलतंच नाव लिहून, दोन-तीन देश फिरवून आणले. क्षेपणास्त्रं संपत आली तर जमिनीवरून मारा करणारं हॉक क्षेपणास्त्र विमानाला बसवायचा प्रयोग केला. गंमत म्हणजे एकीकडे बंदी घालणाऱ्या अमेरिकेनेच १९८५-८६ मध्ये, इराण-काँट्रा प्रकरणात, गुपचूप इराणला शस्त्रं आणि हॉकचे सुटे भाग विकले. बंदी सर्वांसाठी सारखी नसते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

अमेरिकेने आपली एफ-१४ सप्टेंबर २००६ मध्ये निवृत्त केली. तोवर त्यांच्या लक्षात आलं की लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून या विमानाचे भाग दलालांमार्फत इराणकडे जाऊ शकतात. जानेवारी २००७ मध्ये पेंटॅगॉनने एफ-१४ च्या सर्व भागांची विक्री थांबवली. नट-बोल्टसुद्धा. निवृत्त विमानं वाळवंटात उभी करून ठेवायची रीत असते, इथे ती यंत्राने चिरून तुकडे केली गेली. २००८ मध्ये तर कायद्यानेच या भागांच्या विक्रीवर बंदी आली. एका देशाला पार्ट मिळू नये म्हणून स्वतःची विमानं चिरडायची, यावरून सुट्या भागाची खरी किंमत कळते.

इराणला याचा मोबदलाही द्यावा लागला. विमानं उडाली, पण थोडी, आणि दरवर्षी कमी. जून २०२५ च्या युद्धात इस्रायली सैन्याने तेहरानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एफ-१४ वर हल्ल्याची दृश्यं प्रसिद्ध केली. हिकमतीने चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढता आली, पण तेवढ्या काळात समोरच्यांच्या विमानांच्या दोन पिढ्या बदलल्या. आमच्या काही वाचकांना इराणच्या जिद्दीचं कौतुक वाटतं, आम्हालाही वाटतं. पण जुगाड हे मजबुरीत सुचलेलं शहाणपण आहे, त्याला धोरण म्हणता येणार नाही.

अर्जेंटिनाची गोष्ट छोटी आहे पण राफेलच्या अधिक जवळची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या नौदलाच्या फ्रेंच सुपर एटेंडार्ड विमानांनी ब्रिटिश जहाजं बुडवली होती. पुढे त्यांनी फ्रान्सच्या नौदलाची पाच वापरलेली, सुधारित सुपर एटेंडार्ड विकत घेतली. २०१९ मध्ये ती पोहोचली आणि हँगरमध्ये पडून राहिली. अडचण काय? वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली काडतुसं. खुर्ची ब्रिटिश बनावटीची, आणि ब्रिटनची अर्जेंटिनावर शस्त्रबंदी. विमान फ्रेंच, पैसे भरलेले, कागद तयार, आणि मुठीएवढ्या काडतुसावर सगळं अडलेलं. आता लक्षात घ्या, राफेलची खुर्चीही फ्रान्समध्ये बनत असली तरी ती बनवणारी कंपनी फ्रेंच सफ्रान आणि ब्रिटिश मार्टिन-बेकर यांची भागीदारी आहे. ब्रिटनशी आपलं भांडण नाही, हे खरं. पण विमान कुणाकडून घेतलं एवढंच विचारून भागत नाही, त्याच्या पोटात कुणाकुणाचं सामान आहे हेही विचारावं लागतं. आपल्याकडेही १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं सुट्या भागांवाचून अडली होती. हेलिकॉप्टर ब्रिटनने बनवलेलं, आतले काही भाग अमेरिकन!

तारापूरला हे आधीच माहीत आहे

खरं तर यासाठी इराण-अर्जेंटिनाला जायची गरज नाही. बोईसर स्टेशनला उतरून शेअर रिक्षाने अर्ध्या तासात जिथे पोहोचता येतं, तिथे ही गोष्ट घडून गेली आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या व्यावसायिक पातळीवर चालू झाल्या. १९६३ च्या करारानुसार तीस वर्षं इंधन अमेरिकेने द्यायचं होतं. १८ मे १९७४ रोजी पोखरणची पहिली चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि करार कागदावर असतानाच इंधन अडलं. कंपनीकडून मिळणारे सुटे भाग आणि सल्लाही आटला. १९८२ मध्ये तोडगा निघाला, इंधन फ्रान्सकडून आलं. पुढे चीनकडून आलं, रशियाकडून आलं.

भागांचं काय झालं? तिथल्या इंजिनियर आणि कामगारांनी ते देशात बनवून घेतले. स्टीम जनरेटरच्या अडचणींमुळे प्रत्येक भट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली, पण केंद्र चाललं. बोईसर, पालघर, चिंचणीतल्या कितीतरी घरांतले वडीलधारे त्या काळात तिथे ठेकेदाराकडे का होईना राबले आहेत. त्यांना विचारा, ड्रॉइंग नसताना जुना घासलेला पार्ट समोर ठेवून नवा कसा बनवतात. आमचे टपरीवरचे चाचा हसत म्हणतात, "ड्रॉइंग असलं तर कोणीही बनवेल."

विमानाच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही, आणि इथे आमचा चाचांशी थोडा मतभेद आहे. तारापूर एमआयडीसीत रसायन आणि औषधांच्या कारखान्यांबरोबर पोलाद आणि इंजिनीअरिंगचीही कामं चालतात. सीएनसी, व्हीएमसी मशीन आहेत, मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजणारे हात आहेत. तरीही तसाच्या तसा बोल्ट बनवला म्हणून तो विमानाला लागत नाही. त्या बोल्टचं पोलाद कोणत्या भट्टीतून, कोणत्या घाण्यातून आलं, त्याला किती तापमानात किती वेळ हीट ट्रीटमेंट दिली, आतून तडा नाही हे कुणी तपासलं, याचा कागद बोल्टसोबत जन्मभर चालतो. कारखान्याला एएस-९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र लागतं. लष्करी विमानाच्या देशी भागाला बेंगळुरूच्या सेमिलॅक या संस्थेची उड्डाणयोग्यतेची मंजुरी लागते, तपासणी डीजीएक्यूए करते. यात वर्षं जातात, पैसा जातो, आणि ऑर्डर येते दहा-वीस नगांची. चार मशीनच्या गाळ्याला हे परवडत नाही. बँक विचारते, ऑर्डर कुठे आहे? ऑर्डर देणारा विचारतो, प्रमाणपत्र कुठे आहे?

सरकारने २०२० मध्ये सृजन हे पोर्टल सुरू केलं. बाहेरून येणारे कोणते भाग देशात बनवून हवेत, त्यांची यादी त्यावर असते, लहान उद्योजकही हात वर करू शकतो. पाऊल चांगलं आहे. पण केंद्राने ठरवलेले दोन संरक्षण कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूत गेले. महाराष्ट्रातलं विमानाचं काम नाशिकजवळ ओझरला एचएएल आणि हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत, आणि नागपूरला मिहानमध्ये दासोच्या भागीदारीतल्या कारखान्यात आहे. राफेलचा सांगाडा टाटांच्या हैदराबादच्या कारखान्यात बनणार, एम-८८ इंजिनांच्या दुरुस्तीची सोयही हैदराबादलाच. पालघर जिल्हा या नकाशावर नाही. मुंबईला लागून, हायवे आणि रेल्वे दारातून जाते, तरी नाही. आमदार-खासदारांना विचारायला हा प्रश्न वाईट नाही.

आणि आईवडिलांसाठी एक गोष्ट. मुलगा आयटीआयला टर्नर, मशिनिस्ट किंवा फिटर झाला म्हणजे शिक्षण कमी पडलं, असं आपल्याकडे अजून मानलं जातं. ओझरच्या अप्रेंटिसशिपच्या जाहिराती निघतात तेव्हा आपल्या मोहल्ल्यात त्या पोहोचतच नाहीत. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. १९७८ ते १९८१ ते हवाई दलाचे प्रमुख होते, नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल आणि फ्रान्समध्ये राजदूत. पण वैमानिक जे विमान उडवतो ते रात्री हँगरमध्ये टॉर्च घेऊन तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या भरवशावर, आणि त्या जागा शेकड्यांनी असतात.

नव्या करारात काय पाहायचं

राफेल-मरीनच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे. हवाई दलाकडे ३६ राफेल आधीपासून आहेत. बरेचसे भाग, इंजिन आणि चाचणीची साधनं दोघांत समान आहेत. मिग-२९के रशिया आणि भारत सोडून कुणी घेतलं नाही, ती एकाकी पडलेली जात होती. इथे तसं नाही.

दुसरं म्हणजे करारातला देखभालीचा भाग, ज्याला 'परफॉर्मन्स बेस्ड लॉजिस्टिक्स' म्हणतात. सोसायटीच्या लिफ्टचा वार्षिक मेंटेनन्स करार असतो ना, तसाच, पण जरा कडक. पार्ट किती दिले यावर पैसे नाहीत, यंत्र किती दिवस चालू राहिलं यावर पैसे. हवाई दलाच्या २०१६ च्या करारात ७५ टक्के विमानं उपलब्ध ठेवायची अट होती. मिगच्या १५-३७ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. हा धडा कॅगच्या अहवालातून घेतला असेल तर तो अहवाल फुकट गेला नाही.

पण लिफ्टवाल्या सोसायटीचा अनुभव सगळ्यांना आहे. पहिली पाच वर्षं कंपनीचा माणूस फोन केल्याबरोबर येतो. करार संपला की भाव बदलतो. म्हणून प्रश्न हे आहेत : देखभालीची मुदत संपल्यावर दर कोण ठरवणार? भारतात बनणाऱ्या भागांचं ड्रॉइंग आणि ते बदलायचा हक्क कुणाचा? डेकवर सर्वांत जास्त झिजणारे भाग, म्हणजे हुक, लँडिंग गिअर, चाकं, टायर, यांचा किती साठा आधीच घेऊन ठेवला? इंजिन, सेन्सर आणि शस्त्रांच्या दुरुस्तीची सोय भारतात होणार, असं सरकारने सांगितलं आहे. ती विमानं येण्याआधी तयार होणार की नंतर? राफेल हे कॅटापल्टने फेकल्या जाणाऱ्या फ्रेंच जहाजासाठी घडलंय, आपल्या नौकांवर ते पुढच्या चढावरून, स्वतःच्या जोरावर उडणार. जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात किनाऱ्यावरच्या तशाच चढावरून त्याची चाचणी झाली आहे. रोजच्या वापरात कोणता सांधा किती लवकर थकेल, ते मात्र जहाजावरच कळणार.

विमानं २०३० पर्यंत पूर्ण यायची आहेत. आपलं स्वतःचं दोन इंजिनांचं डेकवरचं विमान अजून आराखड्याच्या टप्प्यावर आहे. तोवर विक्रांत आणि विक्रमादित्यचा भार मिग-२९के वरच राहणार, आणि त्यांचे पार्ट ज्या कारखान्यांतून येतात तिथे युद्धाची घाई आहे. टपरीवर हे सगळं सांगून झालं तेव्हा चाचांनी चहाचे पैसे दिले आणि म्हणाले, "म्हणजे आणखी चार-पाच वर्षं जुन्यावरच ओढायचंय." पावणेतीनच्या लोकलला अजून वेळ होता. त्यांनी त्या तरुणाला विचारलं, "तू आयटीआयचा फॉर्म भरला का रे?"